मोफत सर्व्हर आभासीकरण सॉफ्टवेअरची निवड : मर्यादित अंदाजपत्रकाच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश :
अल्प निधी असलेल्या महाविद्यालयांना एकाच सर्व्हरवर अनेक सेवा चालविण्यासाठी आभासीकरणाचा मार्ग उपयुक्त ठरतो. त्यासाठी मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे स्वाभाविकपणेच लक्ष जाते. प्रस्तुत लेखात व्हीएमवेअर ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्ट हायपर-व्ही, एक्ससीपी-एनजी, प्रॉक्समॉक्स व्हीई आणि व्हर्च्युअलबॉक्स या पाच पर्यायांची चिकित्सा केली आहे. मोफत मिळालेली वस्तू परत घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि ती परत घेतली गेल्यास आपली माहिती घेऊन बाहेर पडता येईल काय, हे दोन प्रश्न किंमत व सुविधा यांच्या आधी विचारले पाहिजेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आभासीकरण, हायपरवायझर, मुक्तस्रोत, परवाना, बॅकअप, महाविद्यालयीन संगणक सेवा.

१. प्रास्ताविक :
गेल्या दोन दशकांत महाविद्यालयीन कारभारातील संगणकीय सेवांची संख्या सतत वाढत गेली. ग्रंथालयाची सोल किंवा कोहा ही प्रणाली, लेखाशाखेचे टॅली, अध्यापनासाठी मूडल, प्रवेशाच्या व अंतर्गत गुणांच्या नोंदी, प्रयोगशाळेतील लिनक्स सर्व्हर अशा सेवा बहुधा वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निधीतून आणि म्हणून वेगवेगळ्या यंत्रांवर उभ्या राहतात. परिणामी एकाच खोलीत चार-पाच जुने संगणक रात्रंदिवस सुरू असतात. त्यांपैकी प्रत्येक यंत्र आपल्या क्षमतेचा अल्पसा अंश वापरते, परंतु वीज, यूपीएस आणि देखभाल यांचा भार मात्र स्वतंत्रपणे मागते. एखादे यंत्र बंद पडले तर त्याचे सुटे भाग मिळणे कठीण होते आणि त्यावरील सेवा दुसऱ्या यंत्रावर हलविण्यात कित्येक दिवस जातात.

या अडचणीवर आभासीकरण, म्हणजेच व्हर्च्युअलायझेशन, हा सुपरिचित उपाय आहे. खरेदी समितीपुढे हा विषय येतो तेव्हा यंत्रासाठी तीन दरपत्रके मागविली जातात, त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो आणि त्यावर चर्चाही होते. सॉफ्टवेअरच्या रकान्यात मात्र 'मोफत' असा शब्द आला की चर्चा तेथेच थांबते. वेतनेतर खर्चाची तरतूद तुटपुंजी असताना हे समजण्यासारखे आहे. तथापि, शून्य किंमतीच्या या रकान्यात परस्परांहून अत्यंत भिन्न अशा गोष्टी एकत्र आलेल्या असतात. त्या वेगळ्या करून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

लेखाची व्याप्ती मर्यादित आहे. एक किंवा दोन सर्व्हर, पूर्णवेळ तंत्रज्ञाचा अभाव, आणि अध्यापनाचा कार्यभार सांभाळून सर्व्हरकडे पाहणारा संगणकशास्त्र विभागातील एखादा प्राध्यापक, अशी परिस्थिती येथे गृहीत धरली आहे.

२. संकल्पना व पार्श्वभूमी :
एका प्रत्यक्ष संगणकाची साधने विभागून त्यावर अनेक स्वतंत्र आभासी संगणक चालविणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर तिचे प्रयोग केले व १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग यांनी आभासीकरणाच्या तीन अटी काटेकोरपणे मांडल्या : आभासी यंत्रावर कार्यक्रमाचे वर्तन मूळ यंत्रासारखेच असावे, साधनांवर पूर्ण नियंत्रण हायपरवायझरचे असावे, आणि बहुतांश आज्ञा प्रत्यक्ष प्रोसेसरवरच थेट चालाव्यात.

वैयक्तिक संगणकांत व स्वस्त सर्व्हरांत वापरले जाणारे एक्स-८६ प्रोसेसर या अटी मूलतः पूर्ण करीत नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अडचणीच्या आज्ञा चालू असतानाच भाषांतरित करण्याची युक्ती योजून ही उणीव भरून काढली. केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाने २००३ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. त्यात आभासी संगणकावरील ऑपरेटिंग सिस्टीममध्येच आवश्यक ते बदल केले जात. पुढे इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाचे साहाय्य अंतर्भूत केले. त्यामुळे हायपरवायझर लिहिण्यातील सर्वांत अवघड भाग यंत्राने उचलला. केव्हीएम हा हायपरवायझर फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीचा भाग झाला, तो याच बदलाच्या आधारे.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, 'मोफत' हायपरवायझरांची लाट नेमकी याच काळात आली. व्हीएमवेअर सर्व्हर २००६ मध्ये मोफत झाला, ईएसएक्सआय जुलै २००८ मध्ये. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी हायपर-व्ही सर्व्हर मोफत उपलब्ध केला. सिट्रिक्सने २००९ मध्ये झेनसर्व्हरची किंमत शून्य केली. मूळ वस्तूचे दुर्मिळपण संपले होते. तेव्हा ती फुकट देऊन ग्राहक मिळवावा व व्यवस्थापनाची साधने विकावीत, असे हे व्यापारी गणित होते. त्यात गैर काही नाही. मात्र ते गणित ग्राहकाच्या गरजेवर आधारलेले नसून स्पर्धेच्या स्थितीवर आधारलेले होते, हे विसरता येत नाही.

३. 'मोफत' या शब्दाचे दोन अर्थ :
मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द स्पष्टपणे वेगळे आहेत. दरपत्रकातील 'मोफत' हा शब्द मात्र दोहोंना झाकून टाकतो. पहिल्या प्रकारात कंपनी आपली मालकी राखून वापराची सवलत देते. दुसऱ्या प्रकारात जीपीएलसारख्या परवान्याने मूळ संहिता मिळविण्याचा, बदलण्याचा व पुन्हा वितरित करण्याचा हक्क वापरकर्त्यास मिळतो. सवलत देणाऱ्यास ती थांबविता येते. मुक्त परवान्याने दिलेल्या आवृत्तीवरील हक्क मात्र, परवान्याच्या अटी पाळल्या जात असतील तोवर, काढून घेता येत नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे गेल्या काही वर्षांतील घटनांवरून दिसून येते. मोफत व्हीएमवेअर सर्व्हरचे साहाय्य २०११ मध्ये संपले. त्याच वर्षी ईएसएक्सआय ५ ची घोषणा झाली, तेव्हा मोफत आवृत्तीस ८ गिगाबाइट आभासी मेमरीची मर्यादा घालण्यात आली. वापरकर्त्यांच्या विरोधानंतर ती ३२ गिगाबाइट झाली आणि पुढे २०१३ मधील ५.५ या आवृत्तीत मेमरीची अट निघाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली व फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआयही बंद झाला. एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई या आवृत्तीच्या रूपाने तो पुन्हा अवतरला. चौदा महिन्यांत एकच वस्तू गेली आणि परतली. या दोन्ही वेळी वापरकर्त्यास विचारण्याचे कोणतेही कारण कंपनीस नव्हते.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत हायपर-व्ही सर्व्हर २०१९ ही मोफत मालिकेतील अखेरची आवृत्ती ठरली. तिचे मुख्य साहाय्य जानेवारी २०२४ मध्ये संपले असून केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या जानेवारी २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

झेनसर्व्हरचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २०१३ मध्ये सिट्रिक्सने ६.२ या आवृत्तीपासून त्याची संहिता खुली केली. डिसेंबर २०१७ मध्ये ७.३ या आवृत्तीत मात्र मोफत संचातील अनेक सुविधा काढण्यात आल्या व एका गटातील यजमान सर्व्हरांची संख्या तीनवर आणली गेली. येथवर ही कथा ईएसएक्सआयसारखीच आहे. पुढील भाग मात्र वेगळा आहे. संहिता खुली असल्यामुळे फ्रान्समधील व्हेट्स या कंपनीने लोकवर्गणीच्या साहाय्याने २०१८ मध्ये एक्ससीपी-एनजी हा स्वतंत्र प्रवाह सुरू केला आणि काढलेल्या सुविधा वापरकर्त्यांना परत मिळाल्या. मालकाने हात आखडता घेतला असता सवलतीवर अवलंबून असणाऱ्यास नवीन घर शोधावे लागते. हक्क असणाऱ्यास मात्र त्याच घरात राहण्याचा मार्ग सापडू शकतो.

यावर असे म्हटले जाईल की, एकदा बसविलेली मोफत प्रत बंद पडत नाही, मग चिंता कशाची? प्रत चालू राहते हे खरे. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारा हायपरवायझर त्यावरील सर्वच आभासी संगणकांना धोक्यात आणतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज या नावाने ओळखल्या गेलेल्या खंडणीखोर हल्ल्यात जगभरातील हजारो ईएसएक्सआय सर्व्हरांवरील आभासी संगणकांच्या फायली निकामी झाल्या. ज्या त्रुटीशी हा हल्ला प्रामुख्याने जोडला गेला, तिची दुरुस्ती दोन वर्षे आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, प्रसिद्ध झालेली होती. विद्यार्थ्यांचे पत्ते, जातीच्या प्रमाणपत्रांचे तपशील, बँक खाती व गुण ज्या यंत्रावर आहेत, त्याबाबत 'चालू आहे ना' एवढा निकष पुरेसा मानता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने ही जबाबदारी अधिकच स्पष्ट केली आहे.

४. उपलब्ध पर्यायांचे मूल्यमापन :

४.१ व्हीएमवेअर ईएसएक्सआय :
स्थैर्य, नीटनेटकी रचना आणि विपुल संदर्भसाहित्य ही ईएसएक्सआयची बलस्थाने निर्विवाद आहेत. मात्र मोफत आवृत्तीत एका आभासी संगणकास आठपेक्षा अधिक आभासी प्रोसेसर देता येत नाहीत आणि व्हीसेंटर या मध्यवर्ती व्यवस्थापन-साधनाशी ती जोडता येत नाही. महाविद्यालयास या दोहोंची फारशी झळ लागणार नाही. खरी अडचण तिसरी आहे. बॅकअप घेणारी बहुतेक सॉफ्टवेअर ज्या जोडणीवर अवलंबून असतात, ती मोफत आवृत्तीत बंद असते. त्यामुळे आभासी संगणक थांबवून त्याची प्रत काढणे अथवा प्रत्येकाच्या आतून स्वतंत्र बॅकअप घेणे, एवढेच मार्ग उरतात. शिवाय २०२० मधील ७.० या आवृत्तीपासून जुन्या लिनक्स ड्रायव्हरांचा आधार काढून टाकण्यात आला. जुने किंवा पुनर्वापराचे यंत्र घेणाऱ्या संस्थेस ही बाब सर्वाधिक बाधते. यंत्र उत्तम चालत असते, पण हायपरवायझर त्याचे नेटवर्क कार्ड ओळखत नाही.

४.२ मायक्रोसॉफ्ट हायपर-व्ही :
स्वतंत्र मोफत हायपर-व्ही सर्व्हर आज नव्याने बसविणे शहाणपणाचे नाही, हे वर आलेच आहे. तथापि हायपर-व्हीचा विचार येथेच सोडून देणे अन्यायाचे होईल. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड परवान्यात, यंत्रातील सर्व कोअर परवानाबद्ध केल्यास, विंडोज सर्व्हरचे दोन आभासी संगणक चालविण्याची मुभा असते. ज्या महाविद्यालयाने असा परवाना आधीच रीतसर खरेदी केला आहे आणि ज्याच्या बहुतेक सेवा विंडोजवरच आहेत, त्यास हायपर-व्हीसाठी अधिक काहीही मोजावे लागत नाही. कर्मचाऱ्यांना विंडोजचा परिचयही असतो. अशा ठिकाणी हाच पर्याय व्यवहार्य ठरू शकतो. मात्र त्यास 'मोफत' न म्हणता 'आधीच पैसे दिलेला' म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

४.३ एक्ससीपी-एनजी :
झेनच्या परंपरेतील या पर्यायाची रचना बंदिस्त उपकरणासारखी असून ईएसएक्सआयच्या सवयीच्या माणसास ती लवकर उमगते. त्याचे व्यवस्थापन झेन ऑर्केस्ट्रा या वेब-साधनातून होते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. झेन ऑर्केस्ट्राची संहिता मुक्त आहे, परंतु कंपनी देत असलेल्या तयार संचाच्या मोफत आवृत्तीत सुविधा मर्यादित असतात. संपूर्ण सुविधा हव्या असल्यास संहितेवरून तो स्वतः बांधून घ्यावा लागतो. लिनक्स जाणणाऱ्यास हे अर्ध्या दिवसाचे काम असले, तरी अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कायमची गळ्यात पडते. पारंपरिक व्हीएचडी स्वरूपात एका आभासी डिस्कला २ टेराबाइटची मर्यादाही आहे. व्याख्यानांच्या चित्रफिती साठविणाऱ्या संस्थेस ती जाणवेल.

४.४ प्रॉक्समॉक्स व्हीई :
व्हिएन्नातील प्रॉक्समॉक्स कंपनीने २००८ पासून विकसित केलेली ही प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित असून त्यात केव्हीएम व लिनक्स कंटेनर यांचे व्यवस्थापन एकाच वेब-पटलावरून होते. परवाना एजीपीएलची तिसरी आवृत्ती. सर्व सुविधा सर्वांस खुल्या आहेत. समूह-व्यवस्था, आभासी संगणकांचे स्थलांतर व बॅकअप यांपैकी कोणतीही गोष्ट पैशांसाठी अडवून ठेवलेली नाही. कंपनी पैसे घेते ते अधिक तपासलेल्या अद्यतनांच्या भांडारासाठी व साहाय्यासाठी, तेही यंत्रातील प्रोसेसरांच्या सॉकेटांच्या संख्येनुसार. वर्गणी न भरणाऱ्यांसाठी वेगळे भांडार उपलब्ध आहे. त्यातील अद्यतने आधी येतात आणि तुलनेने कमी तपासलेली असतात. याचा सरळ अर्थ असा की, फुकट वापरणारा काही अंशी परीक्षकाची भूमिका बजावत असतो. ही किंमत लहान असली तरी ती किंमतच आहे, आणि अद्यतन परीक्षेच्या आदल्या दिवशी न करता सुट्टीत करणे, हा तिच्यावरील साधा उपाय आहे.

२०२० मध्ये कंपनीने प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे स्वतंत्र मुक्त साधन प्रसिद्ध केले. एकसारख्या माहितीची पुनरावृत्ती टाळून ते केवळ बदललेला भाग साठविते. २०२४ मधील ८.२ या आवृत्तीत ईएसएक्सआयवरील आभासी संगणक आयात करण्याची सोयही आली.

दोष नाहीत असे नाही. झेडएफएस ही साठवण-पद्धत निवडल्यास ती मेमरीचा मोठा भाग वापरते. ८.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत ही मर्यादा पूर्वनिर्धारितपणे निम्म्या मेमरीइतकी असे. पुढे नव्या स्थापनेत ती दहा टक्के व कमाल १६ गिगाबाइट करण्यात आली. तसेच दोन सर्व्हरांचा समूह केल्यास, एक बंद पडताच दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही व तो नवे आभासी संगणक सुरू करण्यास नकार देतो. तिसऱ्या मतासाठी एखादा लहान संगणक जोडावा लागतो. हे नियम न वाचता समूह बांधणाऱ्यास, यंत्र सुस्थितीत असूनही सेवा बंद, असा अनुभव येतो.

४.५ व्हर्च्युअलबॉक्स :
प्रयोगशाळेत सर्वपरिचित असल्यामुळे हे सॉफ्टवेअर अनेकदा सर्व्हरसाठीही सुचविले जाते. ते पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमवर एका सामान्य कार्यक्रमाप्रमाणे चालते आणि विद्यार्थ्यांच्या सरावासाठी उत्कृष्ट आहे. मूळ संच जीपीएल परवान्याखाली आहे. परंतु त्यासोबत सर्रास बसविल्या जाणाऱ्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना वेगळा असून तो वैयक्तिक वापर, अभ्यासक्रमांतर्गत शैक्षणिक वापर व परीक्षणापुरता वापर यांसाठीच मोफत आहे. संस्थेच्या कारभारासाठी केलेला वापर त्यात बसत नाही. वर्गात जे मोफत, ते कार्यालयात मोफत असेलच असे नाही, ही गोष्ट महाविद्यालयांच्या सहसा ध्यानात येत नाही.

५. एका नमुना गरजेवर उपयोजन :
निकषांची परीक्षा प्रत्यक्ष गरजेवर व्हावी म्हणून एक काल्पनिक परंतु सर्वसामान्य उदाहरण घेऊ. दोन प्रोसेसर, ६४ गिगाबाइट मेमरी व ४ टेराबाइटच्या दोन डिस्क असलेले पुनर्वापराचे एक यंत्र उपलब्ध आहे. ग्रंथालयासाठी विंडोजचा आभासी संगणक ८ गिगाबाइट, लेखाशाखेसाठी दुसरा ८, मूडलसाठी लिनक्स १२, अंतर्गत फायली व नेटवर्क सेवांसाठी ४, आणि विद्यार्थ्यांच्या सरावासाठी १२ अशी वाटणी केली, तर ४४ गिगाबाइट लागतात व २० उरतात. प्रॉक्समॉक्सवर दोन डिस्कांची झेडएफएस आरशासारखी जोडी केल्यास, या पद्धतीसाठी २ गिगाबाइट अधिक दर टेराबाइटमागे १, म्हणजे सुमारे ६ गिगाबाइट राखणे हा प्रचलित ठोकताळा आहे. तो पाळूनही पुरेशी जागा राहते. मात्र निम्म्या मेमरीची जुनी मर्यादा तशीच ठेवली, तर ३२ व ४४ मिळून ७६ होतात आणि ताण पडू लागतो. ही बेरीज खरेदीपूर्वी कागदावर करता येते. बहुतेक तक्रारींचे मूळ ती न करण्यात असते.

याच यंत्रावर मोफत ईएसएक्सआय चालेल काय, याचे उत्तर त्याच्या डिस्क-नियंत्रकावर व नेटवर्क कार्डावर अवलंबून राहील. एक्ससीपी-एनजी बहुधा चालेल. हायपर-व्ही उत्तम चालेल, पण परवाना हाती असेल तरच.

यातील एका बाबीवर विशेष भर द्यावासा वाटतो. पाच यंत्रांवरील पाच सेवा एका यंत्रावर आणल्याने वीज व जागा वाचते. त्याच वेळी, पूर्वी एक यंत्र बंद पडले तर एक सेवा थांबत असे, आता पाचही थांबतील. म्हणून आभासीकरणातून वाचलेला पैसा, निदान पहिल्या वर्षी, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या बॅकअप यंत्रावर खर्च झाला पाहिजे. जुन्यांपैकी एका संगणकात मोठी डिस्क बसवून तो दुसऱ्या इमारतीत ठेवला तरी सुरुवातीस पुरेसे आहे. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर न थांबता, दर सत्रात एकदा त्यावरून एखादा आभासी संगणक प्रत्यक्ष उभा करून पाहणे आवश्यक आहे.

६. शून्य किंमतीबाहेरील खर्च :
हायपरवायझर मोफत असला तरी त्यावर चालणारे विंडोज मोफत होत नाही. उपरोक्त उदाहरणात दोन विंडोज आभासी संगणक आहेत. हायपरवायझर कोणताही असो, त्यांच्यासाठी यंत्रातील सर्व कोअरचा परवाना, किमान १६ कोअरचा, आणि वापरकर्त्यांसाठी प्रवेश-परवाने लागतात. अंदाजपत्रकातील हा आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे पैसे वाचविण्याचा विचार हायपरवायझरपासून सुरू न करता, कोणत्या सेवा विंडोजवर असणे अपरिहार्य आहे, या प्रश्नापासून सुरू करणे योग्य. ग्रंथालय कोहावर गेल्यास एक विंडोज आभासी संगणक कमी होतो. तो निर्णय मात्र ग्रंथपालाच्या संमतीने व तयारीनेच व्हावा.

दुसरा खर्च मनुष्याचा. या कामाचे तास कोणाच्याही कार्यभारात मोजले जात नाहीत. ज्या प्राध्यापकाने व्यवस्था उभी केली, त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की पासवर्डासह सर्व ज्ञान निघून जाते. हा धोका पाचही पर्यायांत सारखाच आहे. परंतु लिनक्सवर आधारित पर्यायांत एक लाभ संभवतो. तेच ज्ञान अभ्यासक्रमात शिकविले जाते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सविषयक धडे मराठीतही उपलब्ध आहेत. सर्व्हरची देखभाल हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा, अर्थात देखरेखीखालील, भाग झाला तर खर्चाचे रूपांतर अध्यापनात होते.

७. मुक्तस्रोताच्या बाजूवरील आक्षेप :
येथवरच्या विवेचनावरून मुक्तस्रोत म्हणजे सर्व दुःखांवरील औषध, असा समज होऊ नये. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की सेंटओएस ८ चे आयुष्य २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच संपेल. ती प्रणाली पूर्णतः मुक्त होती, तरी असंख्य संस्थांची तारांबळ उडाली. प्रॉक्समॉक्स व व्हेट्स याही कंपन्याच आहेत. त्या विकल्या जाऊ शकतात, धोरण बदलू शकतात. प्रॉक्समॉक्सला संहिता देणाऱ्यांकडून कंपनी करारपत्र घेते. त्यामुळे पुढील आवृत्त्यांचा परवाना बदलणे तत्त्वतः अशक्य नाही.

हा आक्षेप योग्य आहे, परंतु त्याचा निष्कर्ष वेगळा निघतो. सेंटओएसनंतर २०२१ मध्येच आल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले, आणि मूळ यंत्रणा फारशी न बदलता संस्थांना तेथे जाता आले. मुक्त परवाना संकटापासून अभय देत नाही, तो संकटातून बाहेर पडण्याची वाट खुली ठेवतो. अर्थात वाट खुली असणे आणि आपण तिच्यावरून चालू शकणे यांत अंतर आहे. संहिता स्वतः सांभाळण्याचे सामर्थ्य कोणत्याही एका महाविद्यालयाकडे नसते. येथे आधार असतो तो मोठ्या वापरकर्तावर्गाचा. म्हणून परवाना मुक्त असला तरी वापरकर्ते मोजकेच असलेल्या प्रकल्पावर संस्थेचा कारभार सोपविणे इष्ट नव्हे.

भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कार्यालयांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. खाजगी अनुदानित महाविद्यालयांवर ते बंधनकारक नसले, तरी खरेदी समितीपुढे टिपण मांडताना त्याचा आधार घेता येतो.

८. निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) दरपत्रकातील 'मोफत' या शब्दापुढे परवान्याचे नाव लिहिले जावे. सवलत आणि हक्क यांची नोंद एकाच रकान्यात होऊ नये.

२) गृहीत धरलेल्या परिस्थितीत, म्हणजे एक-दोन सर्व्हर, संमिश्र सेवा व जुने यंत्र असताना, प्रॉक्समॉक्स व्हीई हा सर्वाधिक समर्थनीय पर्याय होय. यंत्रांचा व्यापक स्वीकार, बॅकअपची अंगभूत सोय व मुक्त परवाना ही त्याची कारणे आहेत. एक्ससीपी-एनजी हा त्याचा तुल्यबळ पर्याय असून झेनची सवय असलेल्यांनी तो अवश्य विचारात घ्यावा.

३) विंडोज सर्व्हरचा परवाना आधीच हाती असल्यास व लिनक्स जाणणारे कोणी नसल्यास हायपर-व्ही स्वीकारण्यात कमीपणा नाही. न कळणाऱ्या मुक्त प्रणालीपेक्षा कळणारी बंदिस्त प्रणाली विद्यार्थ्यांच्या नोंदी अधिक सुरक्षित ठेवील.

४) मोफत ईएसएक्सआय शिकण्यासाठी घ्यावा. २०२४-२५ मधील अनुभवानंतर संस्थेचा कारभार त्यावर नव्याने बेतणे समर्थनीय वाटत नाही.

५) निवड कोणतीही असो, तिच्यासोबत एक पानी निर्गमन-टिपण तयार करावे : आभासी डिस्क कोणत्या स्वरूपात आहेत, त्या दुसऱ्या प्रणालीत कशा नेता येतील, बॅकअप कोठे आहे आणि पासवर्ड कोणाच्या ताब्यात सीलबंद आहेत. क्यूईएमयूसोबत येणाऱ्या साधनांनी व्हीएमडीके, व्हीएचडी व क्यूकाऊ२ ही स्वरूपे परस्परांत बदलता येतात. हे काम बसविण्याच्या दिवसांतच एका आभासी संगणकावर करून पाहावे.

६) वर्गणी परवडत असल्यास ती भरावी. प्रॉक्समॉक्सच्या सर्वांत खालच्या श्रेणीची वर्गणी २०२५ मध्ये दर सॉकेटमागे वार्षिक शंभर युरोंहून थोडी अधिक होती. परकीय चलनातील वार्षिक देयक लेखाशाखेस गैरसोयीचे असते हे मान्य करूनही, ज्या सॉफ्टवेअरवर संस्थेच्या सर्व नोंदी उभ्या आहेत, त्याच्या रचनाकारांपर्यंत काही रक्कम पोहोचणे संस्थेच्याच हिताचे आहे. तीही न जमल्यास, किमान आपला अनुभव मराठीत लिहून शेजारच्या महाविद्यालयास उपलब्ध करून द्यावा. त्यासाठी कोणत्याही लेखाशीर्षाची आवश्यकता नाही.